‘आपला कंट्रोल आहे, भो!’

शुक्रवारी संध्याकाळी मोबाइलवर मेसेज येतो, ‘बसायचं का?’ कुठं बसायचं, कशासाठी बसायचं, असं कुणीही विचारत नाही. मराठीतल्या या साध्यासुध्या क्रियापदाला आपण कधीच वेगळा अर्थ देऊन टाकलाय. मग जळगाव-धुळे रस्त्यावरचा एखादा ढाबा, लालभडक तर्रीची शेवभाजी, चकण्याला शेंगदाणे. थंडी असली तर कुणाच्या तरी मळ्यात भरीत पार्टी. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातायत, कळण्याच्या पुऱ्या तळल्या जातायत, आणि गाडीच्या डिकीत ‘बाकीचं सामान’.

बहुतेकांचं तिथंच सुरू होतं आणि तिथंच संपतं. पण ग्रुपमध्ये एक जण असा असतो, की वांगी भाजून व्हायच्या आधी त्याचा दुसरा पेग संपलेला असतो. सगळे जेवायला बसले तरी त्याचं ‘एक लास्ट’ चालूच. सोमवारी हमखास त्याला ‘व्हायरल’ होतो. एखाद्या मित्रानं भीत भीत विषय काढलाच तर उत्तर तयार असतं, ‘मी काय बेवडा शे का? आपला कंट्रोल आहे, भो!’

गंमत म्हणजे, ज्याचा खरंच कंट्रोल असतो त्याला हे वाक्य कधी म्हणावंच लागत नाही. आपला चहावर कंट्रोल आहे, असं तुम्ही शेवटचं कधी म्हणालात?

श्रावणाचं सर्टिफिकेट

या कंट्रोलचा पुरावा मागितला, की आपल्याकडे श्रावण पुढे केला जातो. ‘महिनाभर थेंबाला शिवत नाही, विचार वहिनीला!’ खरं असतं ते. महिनाभर बाटली बंद असते. फक्त आदल्या दिवशी गटारी दणक्यात झालेली असते आणि महिना संपायची तारीख पाठ असते. कुणी तुळशीची माळ घालतं, कुणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतं. त्या क्षणी तो माणूस खोटं बोलत नसतो, मनापासूनच बोलत असतो. मग गाडी अडते कुठं?

ग्रेगरी बेटसन या मानववंशशास्त्रज्ञानं १९७१ साली मद्यपाशावर एक निबंध लिहिला. त्याचा फंडा साधारण असा : व्यसनी माणूस दारूला प्रतिस्पर्धी मानतो. ‘मी हिला हरवून दाखवीन’ ही त्याची जिद्द. काही दिवस, काही महिने तो जिंकतोसुद्धा. पण जिंकला की आव्हानच संपतं. कंट्रोल सिद्ध झाला, मग आता एक घ्यायला काय हरकत आहे? आणि तो एक घेतला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे ज्या इच्छाशक्तीच्या जोरावर तो सोडू बघतो, तीच त्याला परत टेबलावर आणून बसवते. श्रावणानंतरच्या पहिल्या पार्टीचं इतकं चपखल वर्णन मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही. बेटसनला श्रावण माहीत असण्याचं काही कारण नव्हतं, हे विशेष!

हॉटेलच्या लॉबीतला माणूस

ही मॅच खेळायचंच सोडून देणाऱ्या एका माणसाची गोष्ट ऐका. बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात वावरणारा हुशार गडी. दारूपायी करिअरची वाट लागली होती, हॉस्पिटलच्या वाऱ्या झाल्या होत्या. डिसेंबर १९३४ पासून त्यानं घेतली नव्हती. मे १९३५ मध्ये तो धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी गेला. डील फिसकटलं. खिसा रिकामा, गाव परकं, आणि हॉटेलच्या लॉबीत उभं राहिलं की एका बाजूनं बारमधला हसण्या-खिदळण्याचा आवाज. टूरवर फिरणाऱ्या कुठल्याही एमआरला, सेल्सवाल्याला ही संध्याकाळ ओळखीची वाटेल.

विल्सनला त्या क्षणी कळलं, की आपण एकटे राहिलो तर आत जाणार. ‘एक कोल्ड्रिंक घेऊन बसतो, माझा कंट्रोल आहे’ असं तो म्हणाला नाही. त्यानं लॉबीतल्या फोनवरून गावातल्या चर्चना फोन लावायला सुरुवात केली. मला बोलायला एक दारुडा हवाय, एवढीच मागणी. त्यातून भेट झाली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनची. तेही पिणारेच. १० जून १९३५ हा डॉक्टरांचा दारूचा शेवटचा दिवस, आणि तीच ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ची, म्हणजे एएची जन्मतारीख मानली जाते.

एएच्या बारा पायऱ्यांमधली पहिली हीच : दारूपुढे आपलं काही चालत नाही आणि आपलं आयुष्य आपल्या हातात राहिलेलं नाही, हे कबूल करणं. त्या पायरीत ‘मी’ नाही, ‘आम्ही’ आहे. एकट्यानं हरणं आणि खोलीभर माणसांबरोबर हात वर करणं यात केवढा फरक!

पुण्यातलं अंगण

मराठी माणसाला हे सगळं कळलं ते बरंचसं मुक्तांगणमुळे. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या व्यसनावर लेखमाला लिहिली. ती वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी लाखभर रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी तिथल्याच आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. इथून बरे झालेले किती तरी जण पुढे तिथंच कार्यकर्ते, समुपदेशक झाले. समोर बसलेल्याची प्रत्येक थाप त्यांनी स्वतः कधी ना कधी मारलेली असते, त्यामुळे त्यांना गुंडाळणं अवघड!

अशा ठिकाणी दाखल होणारा प्रत्येक जण लगेच पहिली पायरी चढतो, असं नाही. हॅरी टिबाउट नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं १९४०-५० च्या दशकात यातली मेख ओळखली होती. तो म्हणे, मान डोलावणं वेगळं आणि शरण जाणं वेगळं. मान डोलावणारा पेशंट फार गोड असतो. ‘हो डॉक्टर, पटलं डॉक्टर, सोडली डॉक्टर!’ बायकोला, साहेबांना, आईला, सगळ्यांना हो म्हणतो. आत मात्र एक कोपरा राखून ठेवलेला असतो : सहा महिन्यांनी, सगळं थंड झालं की, फक्त बीअर.

शरण जाणं म्हणजे तो कोपरा सोडून देणं. वारीची परंपरा असलेल्या मुलखात हा शब्द कमीपणाचा वाटायला नको खरं तर. पण करिअर करणाऱ्या पोराला लहानपणापासून शिकवलेलं असतं, ‘हार मानू नको’. टार्गेट, अप्रेझल, जिम सगळीकडे हाच मंत्र. तो मंत्र एका ठिकाणी उलटा पडतो, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

यावर तुम्ही विचाराल, मग ही पळवाटच झाली ना? ‘माझ्या हातात काही नाही’ म्हणायचं आणि पीत राहायचं! तसं नाही. हतबलता आहे ती पहिल्या घोटानंतर काय होईल याबद्दल. तो घोट न घेणं, मीटिंगला जाणं, गोळ्या वेळेवर घेणं, ज्यांचे पैसे बुडवले त्यांच्यापुढे उभं राहणं, ही जबाबदारी कुणी माफ करत नाही. मधुमेह झालेल्याला पॅनक्रियाज हुकमात ठेवता येत नाही, पण जिलेबी नाकारता येते.

अर्थात हा विचार सगळ्यांना पटलेला नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत जीन कर्कपॅट्रिक यांनी बायकांसाठी वेगळी संघटना काढली. त्यांचा मुद्दा बिनतोड होता : जिला आयुष्यभर ‘तुझं काही चालत नाही’ हेच ऐकवलं गेलं, तिला पुन्हा तेच म्हणायला का लावायचं? एएतल्या ईश्वरी शक्तीच्या भाषेनं बिचकणारेही पुष्कळ. पण पुरावा काय म्हणतो? २०२० साली कॉक्रेन संस्थेनं २७ अभ्यास, दहा हजारांहून जास्त माणसं तपासली. दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत एए आणि बारा पायऱ्यांवर आधारलेले उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या बरोबरीचे, काही बाबतीत सरस ठरले.

वहिनीची पहिली पायरी

सगळ्यात अवघड कबुली मात्र पिणाऱ्याची नसते, घरच्यांची असते. बाटली सिंकमध्ये ओतणारी, पाकीट तपासणारी, ऑफिसला फोन करून ‘यांना बरं नाही’ सांगणारी बायको. ‘लग्न झालं की सुधारेल’ म्हणून पोराचं लग्न लावून देणारी आई. या बायकाही रोज कंट्रोलची मॅच खेळत असतात, दुसऱ्याच्या ग्लासावर. बिल विल्सनची पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये घरच्यांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ सुरू केलं. त्याचीही पहिली पायरी तीच. मुक्तांगणमध्ये पत्नींचा ‘सहचरी’ गट आहे. नवऱ्याचं पिणं मी थांबवू शकत नाही, हे ज्या दिवशी बायको मान्य करते, त्या दिवशी ती त्याच्यासाठी खोटं बोलायचं थांबवते. साहेबाचा फोन मग त्यालाच घ्यावा लागतो. बऱ्याचदा त्याची कबुली त्या फोननंतर सुरू होते.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकार आणि एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत देशात दारूवर पूर्ण अवलंबून असलेले सुमारे २.९ कोटी लोक आढळले. त्यांच्यातल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाले होते. आपल्याकडे वर आणखी एक भीती, ‘गावात कळेल’. जळगावात कुणाची गाडी कुठं उभी होती हे रात्रीपर्यंत घरी पोचतं, खरंय. (बारबाहेर उभी असताना ही भीती वाटत नाही, तो भाग वेगळा.) म्हणून तर एएमध्ये आडनाव सांगावं लागत नाही, फी नसते, आणि कोविडनंतर ऑनलाइन मीटिंगाही वाढल्या आहेत.

एक गोष्ट मात्र मर्दुमकीनं करायची नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर थरथर, घाम, नसलेली माणसं दिसणं असं सुरू झालं तर ती इमर्जन्सी असते. त्यामुळे आधी डॉक्टर, मग संकल्प. धुळ्यात भाऊसाहेब हिरे आणि जळगावातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं मानसोपचार विभागाची चौकशी करा. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६. फोन पिणाऱ्यानंच करायला हवा असं नाही, वहिनीनं केला तरी चालतो.