चेडर : सरकारी वजनाचा
अमेरिकेतील व्हर्मॉन्ट राज्याने १९९९ साली ॲपल पायला राजमान्यता देणारा जो कायदा संमत केला, त्यात हा पदार्थ वाढताना सोबत थंड दुधाचा पेला, व्हॅनिला आइस्क्रीमचा मोठा गोळा किंवा किमान अर्धा औंस, म्हणजे सुमारे १४ ग्रॅम, वजनाचा चेडर चीजचा काप देण्याचा प्रामाणिक प्रयत्न व्हावा, अशी तजवीज आहे. तराजूपर्यंत उतरणारी ही सरकारी दक्षता आम्हांस तरी रसिकतेचीच वाटते. घरी पाय भाजताना चेडर पारीतच घालायचा असेल, तर तो चांगला मुरलेला घ्यावा, कारण त्यात जलांश अल्प व चव तीव्र असते. तो किसून पारीच्या मैद्यात थंड लोण्याबरोबर चोळावा, मीठ हात राखून घालावे आणि सफरचंद आंबटसरच निवडावे. कडा लवकर करपतात; त्या फॉइलने झाकाव्यात.