गोरे, नीलकंठशास्त्री (नेहेम्या)

(१८२५–१८९५). ख्रिस्ती धर्मचिंतक आणि हिंदू दर्शनांचे चिकित्सक. जन्म झाशीजवळ कोकणस्थ ब्राह्मण कुटुंबात. शिक्षण काशीत न्याय, व्याकरण इ. शास्त्रांत पारंपरिक पद्धतीने झाले. जॉन म्यूर यांच्या मतपरीक्षा या संस्कृत ग्रंथाला उत्तर म्हणून त्यांनी तरुणपणी शास्त्रतत्त्वविनिर्णय हा ग्रंथ रचला. ख्रिस्ती मताचे खंडन करण्याकरिताच ते त्याच्या अभ्यासाकडे वळले होते. १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला व ‘नेहेम्या’ हे नाव धारण केले. १८७० च्या सुमारास त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १८७६ मध्ये ते इंग्लंडमधील काउली येथील संन्यस्त संघात उमेदवार म्हणून राहिले. तथापि अखेरची व्रते त्यांनी घेतली नाहीत. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

षड्दर्शनदर्पण या त्यांच्या हिंदी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८६२ मध्ये प्रसिद्ध झाले. न्यायदर्शनातील परमाणू व जीव अनादी मानल्यास ईश्वराचे सामर्थ्य मर्यादित होते, असा त्यांचा आक्षेप आहे. अद्वैतावरील टीका अधिक मूलगामी आहे : अज्ञान मिथ्या असेल, तर बंध कोणाला व मोक्ष कशापासून? ते सत्य असेल, तर अद्वैत टिकत नाही. अज्ञान हे सत् व असत् या दोहोंहून विलक्षण, म्हणजेच अनिर्वचनीय असते, हे वेदान्त्यांचे उत्तर त्यांना मान्य नव्हते. व्यावहारिक सत्ता म्हणजे एकाच वस्तूला खरी व खोटी म्हणणे होय, असे ते मानीत. अद्वैती अभ्यासकाला यात वेदान्तावर अन्याय झाल्याचे वाटेल आणि ते सर्वस्वी गैर नाही. मात्र हे खंडन नैयायिकाच्याच पद्धतीचे आहे, हे लक्षणीय आहे. धर्म बदलला, तरी काशीत शिकलेली तर्करीती त्यांनी सोडली नाही.

याच तर्काने त्यांना पुढेही स्वस्थता लाभू दिली नाही. प्राण्यांनी व निष्पाप अर्भकांनी दुःख का भोगावे, याचा कर्मसिद्धान्त उलगडा करतो, ख्रिस्ती मत करीत नाही. तसेच अनंतकाळची शिक्षा न्यायाशी कशी जुळते, या त्यांच्या पूर्वीच्या शंका होत्या. बाप्तिस्म्यानंतरही संशयाने त्यांचा पाठपुरावा केला. प्राचीन चर्चच्या परंपरेचा व अधिकाराचा आधार त्यांनी घेतला, त्यामागे हेही एक कारण दिसते. त्यांचे समकालीन डॅनिश तत्त्वज्ञ सरेन किर्केगॉर (१८१३–५५) यांच्यापुढेही ‘ख्रिस्ती होणे’ हाच प्रश्न होता. परंतु जन्माने ख्रिस्ती असलेल्या समाजात खरा ख्रिस्ती कसे व्हावे, असे त्याचे रूप होते आणि श्रद्धेला प्रमाणे पुरवू पाहणे त्यांना निरर्थक वाटे. गोरे यांना ज्ञाती, कुटुंब आणि प्रतिष्ठा यांची किंमत मोजावी लागली होती. प्रमाणाचा शोध त्यांना टाळता येण्याजोगा नव्हता.

अवतारकल्पना, भक्ती व वैराग्य यांमुळे हिंदूंची मने ख्रिस्ताच्या स्वीकारासाठी आधीच तयार झाली आहेत, असे मत त्यांनी उत्तरायुष्यात मांडले. अद्वैताचे कठोर खंडन करणाऱ्या लेखकाच्या विचारातील हा भाग विशेष लक्ष वेधतो. ब्राह्मो मताची तत्त्वे सहजज्ञानातून नव्हे, तर ख्रिस्ती शिकवणुकीतून आली आहेत, हे त्यांचे प्रतिपादन पंडिता रमाबाईंना पटले. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.