आधी वर्तुळ विचारा

दिवाळी अंकासाठी 'जुन्या कॅमेऱ्यांवर काहीतरी' लिहून द्या, असं संपादक म्हणाले आणि मी नाशिकला एका निवृत्त प्रोसेस कॅमेरामनच्या घरी जाऊन थडकलो. बघायचा होता त्यांचा लाकडी कॅमेरा. काकांनी त्याच्यावरचं कापडसुद्धा काढलं नाही. फडताळातून पोळ्यांचा स्टीलचा डबा काढला आणि म्हणाले, "कॅमेरा म्हणजे काय हो, दोन चौकटी आणि मधे भाता. खरा माल यात आहे."

डब्यात चार लेन्स. प्रत्येक जुन्या पायमोज्यात गुंडाळलेली, मधे मधे सिलिका जेलच्या पुड्या.

हा कॅमेरा चार बाय पाच इंची शीट फिल्मचा. फिल्मचा कर्ण साधारण १५० मिलिमीटर, म्हणून दीडशेची लेन्स इथली 'नॉर्मल', नव्वदची वाइड, तीनशेची लांबची. आपल्या नेहमीच्या ३५ मिमी कॅमेऱ्याच्या हिशेबात आणायचं तर ढोबळमानाने तीनाने भागायचं. एवढं कुणीही सांगतं, आणि नवशिके एवढ्यावरच पैसे मोजून मोकळे होतात.

इतिहास उरकून टाकतो. पेट्झवालने १८४० मध्ये गणित मांडून पोर्ट्रेटची लेन्स काढली. ती मधोमध लख्ख, कडांना ढिली. १८९२ च्या डागोरने कडा बऱ्याच सावरल्या. पुढे जर्मनीत श्नायडर आणि रोडेनस्टॉक, जपानात निकॉन आणि फुजी ही नावं मोठी झाली.

काकांनी दोन मोजे सोडले. दोन्ही लेन्स नव्वदच्या, दोन्ही श्नायडरच्या. एक लिंबाएवढी, अँग्युलॉन, एफ ६.८. दुसरी चांगली पेरूएवढी, सुपर-अँग्युलॉन, एफ ८. लहानगीत उजेड जास्त, वजन कमी. मग हे धूड कशाला बाळगायचं? मी तसं विचारलं. उत्तरादाखल त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि कंपासने दोन वर्तुळं काढली. एक १५४ मिमी व्यासाचं, एक २१६. मग फिल्मवर चित्र उमटतं तेवढ्या, म्हणजे ९६ बाय १२० मिमीच्या मापाचा पुठ्ठा लहान वर्तुळावर उभा ठेवला. चारही कोपरे रेघेला टेकले.

"आता सरकवा."

बोटभर सरकवला तर दोन कोपरे वर्तुळाबाहेर. मोठ्या वर्तुळात तोच पुठ्ठा मधल्या जागेपासून ३६ मिमी हलला, तरी आत. लेन्स आत टाकते ते उजेडाचं वर्तुळच, चौकोन आपण त्यातून कापून घेतो. काकांच्या मते लेन्स विकत घेणं म्हणजे हे वर्तुळ विकत घेणं.

ते ३६ मिमी कशाला लागतात, हे सिन्नरच्या गोंदेश्वरासमोर उभं राहिल्यावर कळतं. शिखर मावावं म्हणून कॅमेरा वर तोंड करून धरला की देऊळ मागे रेलल्यासारखं दिसतं. म्हणून कॅमेऱ्याची पाठ ओळंब्यात ठेवायची आणि फक्त लेन्सची चौकट वर चढवायची. शिखर काचेवर उतरतं आणि खांब सरळ राहतात. लहान वर्तुळाची लेन्स चढवली की कोपरे काळे. हे मी त्यांच्या दोन प्रिंट शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. लिंबाएवढ्या लेन्सच्या प्रिंटमध्ये कळसाच्या दोन्ही बाजूंना रात्र झाली होती.

तिसरी, दीडशेची, त्यांनी न उघडताच बाजूला सारली. "ही घरातली भाकरी. हिच्याबद्दल काय बोलायचं?"

चौथी लेन्स मात्र त्यांनी दोन्ही हातांनी काढली. अपो-रोनार, ३०० मिमी, एफ ९. ही छापखान्यातली. समोर लावलेलं सपाट चित्र ब्लॉकसाठी तितकंच काटेकोर उतरवायचं, एवढ्या कामासाठी घडलेली. हिला शटरच नाही. डीटीपी आलं, प्रोसेस कॅमेरा किलोवर गेला, तेव्हा काकांनी ही मागून घेतली. टोपण काढायचं, मोजायचं, टोपण लावायचं. "एक सह्याद्री, दोन सह्याद्री..." तीस वर्षं आर्क दिव्यांसमोर घटवलेला हात, घड्याळ लावून पाहिलं, चार सेकंदांत फरक जाणवला नाही.

पण हिच्यापायी भाता पुरत नाही. त्यांच्या कॅमेऱ्याचा भाता ३२० मिमीच ताणतो, म्हणजे पावणेपाच मीटरच्या अलीकडचं काही फोकसच होत नाही. दोन मीटरवरच्या मूर्तीसाठी साडेतीनशेच्या वर लागेल. लेन्स घेण्याआधी भाता मोजावा, हे त्यांना ती घरी आणल्यावर सुचलं.

आणि मग अडचणींचं पुराण निघालं ते चहा गार होईपर्यंत. काचा म्हाताऱ्या होत नाहीत, शटर होतं. कोपलची ही शटरं आता बनत नाहीत. आतलं तेल सुकलं की वरच्या वेगांना पत्ता लागत नाही, पण एका सेकंदाला चक्रं रेंगाळतात. काका मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून मोजतात. दीडशेच्या लेन्सवर त्यांनी चिठ्ठीच डकवली आहे: '१ म्हणजे १.४'. लेन्स बसवायच्या फळीला भोक नेमकं लागतं, ० नंबरच्या शटरला ३४.६ मिमी, ३ नंबरला ६५. ते सातपूरच्या एका लेथवाल्याकडून होतं, पण एका भोकासाठी त्याचं मशीन मोकळं व्हायची वाट बघावी लागते. एकदा बाहेर साफ करायला दिलेल्या लेन्समधून कागदासारखी पातळ पितळी चकती हरवून आली. शटर आणि पुढच्या काचा यांतलं अंतर तेवढंच बदललं, आणि पुढचं वर्षभर काका स्वतःच्या डोळ्यांना दोष देत राहिले.

शिवाय पावसाळा. सुपर-अँग्युलॉनच्या मागच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली आहे. पुसली तर जाते, पण काचेवर चरे ठेवून जाते.

निघताना मला त्यांनी एक निरोप दिला, तो जसाच्या तसा पोचवतो. तुमच्या छापखान्याच्या माळ्यावर प्रोसेस कॅमेरा पडून असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याची लेन्स उतरवून घ्या. आणि ती ज्या आट्यांच्या पितळी कडीत बसलेली असते, ती कडीही फेकू नका. तशी पुन्हा कातून मिळत नाही.