कवायत शरीराची, फायदा मेंदूचा?

पहाटेच्या बिगुलाबरोबर उठायचे, मैदानावर धावायचे, पाठीवर ओझे घेऊन मैलोन्‌मैल चालायचे, हा सैनिकाचा तरुणपणातला नित्यक्रम. पुढे तो निवृत्त होतो, गणवेश ट्रंकेत जातो आणि बिगुल कायमचा थांबतो. वीस, तीस, चाळीस वर्षे निघून जातात. एके काळी काळोखात नकाशावरून वाट काढणारा हा माणूस सत्तरी उलटल्यावर बाजारातून घरी येण्याची वाटच विसरू लागला तर? अशा वेळी त्याला पुन्हा कवायतीला उभे केले, तर त्याची स्मृती शाबूत राहील काय?

अमेरिकेत या प्रश्नाला विशेष महत्त्व आले. दुसरे महायुद्ध, कोरिया आणि व्हिएतनाम अशा लागोपाठच्या युद्धांतून परतलेले लक्षावधी सैनिक तेथे वृद्ध होत गेले. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरहॅम या शहरी माजी सैनिकांचे सरकारी रुग्णालय आहे. तेथे १९८६ साली ‘जेरोफिट’ नावाचा उपक्रम सुरू झाला. वृद्ध सैनिकांनी एकत्र जमायचे, प्रत्येकाच्या प्रकृतीला झेपेल असा व्यायाम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करायचा आणि ठरावीक काळाने आपली प्रगती मोजून घ्यायची, अशी ही योजना. सहा मिनिटांत किती अंतर चालता येते, खुर्चीवरून किती वेळा उठता येते, अशा साध्या चाचण्या त्यात असतात. पुढे अमेरिकेतील इतर अनेक रुग्णालयांनी ही योजना उचलली. शरीर तंदुरुस्त ठेवणे हा तिचा मूळ हेतू. पण शरीराबरोबर मेंदूलाही त्याचा फायदा होतो का, हे पाहण्यासाठी आपल्याला थोडे खोलात शिरावे लागेल.

माजी सैनिकच का?

म्हातारपण तर सर्वांनाच येते. मग सैनिकांचाच वेगळा विचार का करायचा? याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण म्हणजे सैनिकाच्या मेंदूने सोसलेले घाव. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डोक्याला मार लागून इस्पितळात दाखल झालेल्या ५४८ अमेरिकन नौसैनिकांची आणि मरीन सैनिकांची शास्त्रज्ञांनी सुमारे पन्नास वर्षांनंतर पाहणी केली. त्यांची तुलना त्याच काळात दुसऱ्या काही कारणाने इस्पितळात गेलेल्या १,२२८ सैनिकांशी केली. या अभ्यासाचा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना मध्यम स्वरूपाचा मार लागला होता, त्यांच्यात अल्झायमर या विस्मरणाच्या रोगाचा धोका सुमारे दुप्पट आढळला, आणि ज्यांना गंभीर मार लागला होता त्यांच्यात तो चौपटीहून अधिक निघाला. घाव विशीतला, पण त्याची किंमत सत्तरीत मोजावी लागली!

काही घाव डोळ्यांना दिसतही नाहीत. युद्धातील भीषण प्रसंग काही सैनिकांच्या मनातून जातच नाहीत. झोपेत दचकणे, मोठ्या आवाजाने थरकाप होणे, सतत सावध राहणे अशी त्याची लक्षणे असतात. डॉक्टर या विकाराला पी.टी.एस.डी. म्हणतात. पंचावन्न वर्षांवरील १,८१,०९३ माजी सैनिकांच्या नोंदी तपासून २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सात वर्षांच्या काळात हा विकार असलेल्यांपैकी १०.६ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश झाला. विकार नसलेल्यांत हे प्रमाण ६.६ टक्के होते.

दुसरे कारण म्हणजे नोंदी. सैन्यात भरती होताना प्रत्येकाची उंची, वजन, दृष्टी, तंदुरुस्ती, काही देशांत बुद्धीसुद्धा मोजली जाते आणि ते कागद जपून ठेवले जातात. एखादा माणूस विशीत कसा होता, हे तो सत्तर वर्षांचा झाल्यावर सांगणारी अशी खात्रीची नोंद इतरांच्या बाबतीत क्वचितच मिळते.

मेंदूची भूक

मानवी मेंदूचे वजन सुमारे १,४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के. पण विश्रांतीच्या वेळी शरीर जितका ऑक्सिजन वापरते, त्यातला सुमारे २० टक्के एकटा मेंदू फस्त करतो. हा पुरवठा केसापेक्षाही बारीक अशा असंख्य रक्तवाहिन्यांतून होतो. रक्तदाब आणि मधुमेह या दोन रोगांचा मारा याच वाहिन्यांवर होतो. नियमित व्यायामाने हे दोन्ही रोग आटोक्यात राहण्यास मदत होते. म्हणजे मेंदूच्या कालव्यांची निगा व्यायाम दुरून का होईना, राखतो.

मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक असा एक लहानसा भाग असतो. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा वाटला म्हणून त्याला त्याच अर्थाचे ‘हिपोकॅम्पस’ हे ग्रीक नाव मिळाले. नव्या आठवणी पक्क्या करणे आणि वाटा लक्षात ठेवणे, ही त्याची मुख्य कामे. उतारवयात हा भाग दर वर्षी १ ते २ टक्क्यांनी आक्रसत जातो. दुसरीकडे, मेंदूत बी.डी.एन.एफ. नावाचे एक प्रथिन असते. ते चेतापेशींना जगवते आणि त्यांचे एकमेकींशी जोड घट्ट करते. व्यायाम करणाऱ्या उंदरांच्या हिपोकॅम्पसमध्ये हे प्रथिन वाढते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. मग माणसातही असेच घडत असेल का?

बी आधी की झाड आधी?

येथे एक मोठी अडचण उभी राहते. व्यायाम करणाऱ्या वृद्धांची स्मृती चांगली असते, असे पुष्कळ पाहण्यांत आढळले आहे. पण त्यावरून व्यायामाने स्मृती टिकते, असे म्हणता येईल काय? कदाचित उलटेही असेल. ज्याचा मेंदू शाबूत आहे, तोच रोज आठवणीने फिरायला जात असेल!

ही शंका पोकळ नाही. लंडनमधील १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांवर सुमारे २८ वर्षे लक्ष ठेवून २०१७ साली एक निष्कर्ष मांडला गेला. ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला, त्यांची हालचाल रोगाचे निदान होण्याच्या नऊ वर्षे आधीपासूनच कमी होऊ लागली होती. म्हणजे रोगाने आतल्या आत घर केले आणि म्हणून चालणे कमी झाले, असेही काहींच्या बाबतीत घडले असणार. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे नुसत्या निरीक्षणाने कळत नाही. त्यासाठी प्रयोगच करावा लागतो.

चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग

असा प्रयोग अमेरिकेत झाला आणि त्याचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. हे लोक सैनिक नव्हते. ५५ ते ८० वर्षे वयाचे, बैठे जीवन जगणारे सामान्य नागरिक होते. एकंदर १२० जणांचे दोन गट पाडले. कोणी कोणत्या गटात जायचे हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निव्वळ योगायोगावर सोडले. असे केल्याने हुशार, धडधाकट किंवा उत्साही माणसे एकाच गटात गोळा होत नाहीत. एका गटाने आठवड्यातून तीन दिवस चालायचे. सुरुवात दहा मिनिटांनी करून हळूहळू चाळीस मिनिटांपर्यंत जायचे. दुसऱ्या गटाने तेवढेच दिवस फक्त अंग ताणण्याचे हलके व्यायाम करायचे.

वर्षभराने मेंदूची छायाचित्रे घेतली. हलके व्यायाम करणाऱ्यांचा हिपोकॅम्पस अपेक्षेप्रमाणे सुमारे १.४ टक्क्यांनी आक्रसला होता. चालणाऱ्यांचा मात्र सुमारे २ टक्क्यांनी वाढला होता!

पण घाईने टाळ्या वाजवू नका. त्याच प्रयोगातील स्मृतीच्या चाचणीत दोन्ही गटांची प्रगती झाली होती. आकार वाढला म्हणजे स्मरणही तेवढेच वाढले, असे सिद्ध झाले नाही. पुढे २०२२ साली ६५ ते ८४ वर्षांच्या ५८५ लोकांवरील प्रयोगाचा निष्कर्ष आला. विसरभोळेपणाची तक्रार असलेल्या, पण स्मृतिभ्रंश न झालेल्या या लोकांत सहा महिन्यांच्या व्यायामाने स्मृतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ब्रिटनमध्ये ४९४ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१८ सालचा. चार महिन्यांच्या कसून व्यायामाने त्यांची शारीरिक ताकद वाढली, पण स्मृतीची घसरण थांबली नाही.

यावरून आपण काय शिकावे? व्यायाम हे विस्मरणावरचे औषध नाही. घर पेटल्यावर विहीर खणून उपयोग होत नाही. त्याचे खरे काम आधीचे आहे आणि तेही एकट्याचे नाही. स्मृतिभ्रंशाचा अभ्यास करणाऱ्या ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. ती सर्व दूर करता आली तर स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू किंवा लांबू शकतील, असा आयोगाचा अंदाज आहे. या यादीत व्यायामाचा अभाव आहेच. शिवाय डोक्याला मार, बहिरेपणा, खिन्नता, एकटेपणा, उच्च रक्तदाब हेही आहेत. तोफाबंदुकांच्या आवाजाने कान गेलेला, डोक्याला मार लागलेला आणि आपल्या पलटणीपासून दुरावलेला वृद्ध सैनिक डोळ्यांसमोर आणा. यांपैकी कितीतरी ओझी त्याच्या एकट्याच्या पाठीवर आहेत. जुना घाव आता पुसता येत नाही. पण चालणे, रक्तदाब आणि सोबत या गोष्टी अजून त्याच्या हातात आहेत. डरहॅमसारख्या उपक्रमात सैनिक एकत्र जमून व्यायाम करतात, यातले मर्म हेच. कवायत जशी पुन्हा मिळते, तसे सवंगडीही पुन्हा मिळतात.

अठराव्या वर्षाचा हिशेब

आता तुमच्या वयाची गोष्ट. स्वीडनमध्ये पूर्वी तरुणांना सैन्यभरतीची तपासणी सक्तीची होती. त्या वेळी जड होत जाणारी सायकल चालवायला लावून त्यांचा दम मोजत. अशा सुमारे ११ लाख तरुणांच्या नोंदी पुढे ४२ वर्षांपर्यंत तपासण्यात आल्या. अठराव्या वर्षी ज्यांचा दम कमी भरला होता, त्यांच्यात अकाली, म्हणजे म्हातारपणापूर्वीच येणाऱ्या स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे अडीच पट आढळला. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे, हे आता तुम्हाला सांगायला नको. तरीही मैदानाकडे पाठ फिरवणाऱ्याने त्यावर विचार करावा.

आपल्याकडेही माजी सैनिक काही थोडे नाहीत. साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावात घरोघरी सैनिक, म्हणून त्याचे नावच ‘मिलिटरी आपशिंगे’ पडले. आपल्या सैन्यातला जवान पुष्कळदा चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतो. पुढे निम्मे आयुष्य उरलेले असते.

करून पाहा

घरातील आजोबांची परवानगी घ्या. हात नसलेली, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आजोबांनी हात छातीशी घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजायचे. तुम्ही शेजारीच उभे राहा. चक्कर, छातीत दुखणे किंवा गुडघ्यांचा त्रास असेल तर हा प्रयोग करू नका. ७० ते ७४ वर्षांच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी वेळा जमले, तर पायांची ताकद कमी झाली आहे आणि पडण्याचा धोका आहे, असे समजतात. पडणे म्हणजे पुन्हा डोक्याला मार, हे लक्षात आहे ना?

जागतिक आरोग्य संघटनेने वृद्धांनाही आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. रोज बावीस मिनिटांचे झपझप चालणे झाले की हिशेब पुरा होतो. आजोबांना एकट्याने कंटाळा येत असेल, तर संध्याकाळी तुम्हीच सोबत निघा. वाटेत त्यांना त्यांच्या पलटणीच्या गोष्टी विचारा. पाय चालतील, आठवणीही चालत्या राहतील. आणि अठराव्या वर्षाचा तुमचा हिशेबही हळूहळू जमा होत जाईल.