मोटारघरातील शीतकपाट

अमेरिकेत स्थायिक झालेली आपल्याकडील काही कुटुंबे उन्हाळ्याच्या सुटीत मोटारघर भाड्याने घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे प्रवासास निघतात. सोबत मुलांचे दूध असते, क्वचित आजोबांचे इन्सुलिनही असते. अशा वेळी भर दुपारी शीतकपाट कोमट लागले, की सारे यंत्रास दोष देतात. आमच्या मते दोष पुष्कळदा यंत्राचा नसून मागे कोंडलेल्या हवेचा असतो.

अनेक मोटारघरांतील शीतकपाट १९२२ साली स्वीडनमध्ये फॉन प्लाटेन व मुन्टर्स यांनी शोधलेल्या पद्धतीचे असते. त्यात ज्योतीच्या उष्णतेने अमोनिया पाण्यापासून विलग होतो, मागील नळ्यांत निवून द्रवरूप होतो आणि आत पुन्हा वायुरूप होताना उष्णता शोषून घेतो. नळ्यांना वारा न मिळाल्यास हे चक्र मंदावणारच.

म्हणून नळ्यांमागे मोठी पोकळी असल्यास पत्र्याचा आडोसा लावून वारा नळ्यांवरूनच वळवावा. झरोके मात्र बुजवू नयेत. वरच्या झरोक्यापाशी लहान पंखा बसवावा. गाडी सपाट जागी, शीतकपाटाची बाजू सावलीस येईल अशी उभी करावी. कपाट आदल्या रात्रीच चालू करून त्यात निवालेलेच जिन्नस सैल रचावे. आत तापमापक असावा: दुधास ४ अंशांहून अधिक उष्णता नको, न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहावे, गोठू नये.

माठ वाऱ्याच्या वाटेवर ठेवावा, हे आपल्या गृहिणींस शिकवावे लागत नाही. शीतकपाटासही तोच न्याय लावावा, इतकेच आमचे सांगणे.