बॉनेट उघडा, पाइप बाजूला ठेवा

दसऱ्याला जुन्नर-आंबेगावात सहसा कुणाच्या दारातली गाडी न धुतलेली राहत नाही. ट्रॅक्टर, पिकअप, कार, सगळ्यांना पाणी, हळद-कुंकू आणि झेंडूचा हार. बॉनेटवर स्वस्तिक निघतं, पण बॉनेटच्या खाली गेल्या हंगामातलं उसाचं पाचट तसंच पडून असतं. काही जण दुसऱ्या टोकाला जातात. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप थेट इंजिनवर धरायला सांगतात, वरून डिझेलचा फवारा मारून घेतात. इंजिन चकाकतं आणि दुसऱ्या दिवशी गाडी मिसिंग मारायला लागते. या दोन्हींच्या मधला मार्ग सोपा आहे, कमी खर्चाचा आहे आणि अंगणात एका सकाळी उरकणारा आहे.

इंजिन स्वच्छ कशासाठी करायचं, हे आधी ठरवलं पाहिजे. चकाकीसाठी नाही. तेल कुठून गळतंय, कुठली वायर कुरतडली गेलीय, कुठला रबरी पाइप फुगलाय, हे दिसावं म्हणून. धुळीचा आणि तेलाचा थर बसलेल्या इंजिनात यातलं काहीच दिसत नाही. कळतं ते माळशेज घाटात टोमॅटोचे क्रेट भरलेली गाडी तापून उभी राहते तेव्हा.

आपल्या दोन तालुक्यांत हा थर जरा वेगळाच असतो. पश्चिमेला भीमाशंकर, आहुपे, माळशेज या पट्ट्यात पावसाळाभर चिखल आणि ओल. पूर्वेला धुरळा. मधल्या बागायती पट्ट्यात ऊस. विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन्ही सहकारी कारखाने सुरू झाले की रस्त्यांवर पाचटाचा चुरा उडत असतो आणि तो गाडीत शिरतो. वायपरच्या खाली जी काळी जाळी असते, तिच्या आत तो साठतो. तिथून पावसाचं पाणी खाली जायला बारीक वाटा असतात. त्या तुंबल्या की पाणी उलटं आत येतं, पायाखालची मॅट ओली होते आणि गाडीत कुबट वास सुटतो. रेडिएटरच्या पात्यांमध्ये किडे आणि तूस अडकलं की हवा खेळत नाही, मग चढाला काटा वर जातो. इंजिनखालच्या प्लॅस्टिकच्या कव्हरवर वाळलेलं पाचट साचलं, तर सायलेन्सरच्या उष्णतेनं ते पेटूही शकतं. ऊस तुटून गेला की मे महिन्यात एकदा आणि पावसाळा सरल्यावर दिवाळीच्या आसपास एकदा, अशी दोनदा सफाई आपल्याकडे पुरते.

आता उंदीर. फड तुटला की उंदीर घराकडे सरकतात आणि गरम इंजिन त्यांना आवडतं. बॅटरीच्या मागे किंवा इंजिनच्या वरच्या कव्हरखाली पाचट, कापूस, पोत्याचे धागे असा गोळा सापडला तर समजा घरटं आहे. हात घालण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, म्हणजे मांजर असेल तर निघून जाईल. आत टॉर्च मारून नीट बघा, कारण उंदरामागे सापही येतो. घोणस आणि फुरसं इथे नवीन नाही. सर्पदंशावर वर्षानुवर्षं उपचार आणि प्रबोधन करणारे डॉ. सदानंद राऊत नारायणगावचेच आहेत. मग रबरी हातमोजे आणि तोंडाला मास्क लावा. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, म्हणून घरटं कोरडं झटकू नका. साबणाच्या पाण्यानं भिजवून चिमट्यानं उचला आणि पिशवीत बांधून टाका. विषारी गोळ्या इंजिनात ठेवू नयेत. विष खाल्लेला उंदीर घुबड खातं, गावातलं कुत्रं खातं, आणि उंदीर आत कुठेतरी मेला तर तो वास काढता काढता जीव जातो.

सफाईला सकाळची वेळ घ्या. इंजिन रात्रभर गार झालेलं हवं. सुरू करून दोन-तीन मिनिटं चालू द्यायचं आणि बंद करायचं. हाताला जेमतेम कोमट लागलं म्हणजे बास. धावून आलेल्या गाडीवर पाणी मारायचं नाही. चालत्या इंजिनातलं कूलंट साधारण 90 अंशांवर असतं, धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो, आणि तापल्या धातूवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. मोबाइलवर दोन-चार फोटो काढून ठेवा. मग 10 नंबरच्या पान्यानं बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. आधी निगेटिव्हच, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. जोडताना क्रम उलटा, निगेटिव्ह शेवटी. काही गाड्यांत यानंतर घड्याळ आणि काचांची बटणं पुन्हा सेट करावी लागतात, ते माहितीपुस्तकात बघून घ्या.

अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, इंजिनचा कॉम्प्युटर, एअर फिल्टरचं तोंड आणि पेट्रोल गाडीत प्लगवरच्या कॉइल, एवढ्या जागा झाकायच्या. घरातल्या दुधाच्या धुतलेल्या पिशव्या आणि रबरबँड यासाठी उत्तम. इंजिनातल्या वायरी जोडणारे कपलर खालून उडणाऱ्या शिंतोड्यांना पुरून उरतात, पण वरून जवळून मारलेल्या प्रेशरच्या धारेला नाही. ती धार रबरी सीलच्या आत पाणी ढकलते आणि ते पाणी दिवसेंदिवस आतच राहतं. गाडी मिसिंग मारते, चेक इंजिनचा दिवा लागतो, तो बहुतेकदा यामुळेच.

आधी कोरडं काम. जुना रंगाचा ब्रश, घरच्या व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप, आणि कोपऱ्यांसाठी पंक्चरवाल्याकडची हवा, तीही लांबून. पाचट, धुरळा, मातीचे गोळे यातच निघून जातात आणि निम्म्याहून जास्त काम इथेच संपतं. वायपरखालची जाळी बोटांनी मोकळी करा. रेडिएटरला हवा किंवा पाणी इंजिनच्या बाजूनं बाहेर ढकला, म्हणजे अडकलेला तूस आला त्याच वाटेनं परत जातो. धार जोरात मारली तर पाती वाकतात.

तेलकट जागांसाठी पाण्यात मिसळणारा डीग्रीजर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घ्या, ब्रशनं लावा, तीन-चार मिनिटं थांबा, वाळू मात्र देऊ नका. डिझेल आणि रॉकेल नकोच. त्यांच्या राहिलेल्या थरावर आठवड्यात दुप्पट धूळ बसते, रबरी पाइप फुगतात, आणि गरम इंजिनावर ते पेट घेऊ शकतात. कॉस्टिकचं पाणीही नको, ते ॲल्युमिनियम खातं.

धुवायला आपल्याकडे एक फार चांगलं साधन घरोघरी आहे, पाठीवरचा फवारणी पंप. त्याची मऊ फवार साबण उतरवायला नेमकी पुरते. पण तो पंप नवा किंवा फक्त पाण्यासाठी राखलेला हवा. तणनाशकाचा किंवा बोर्डोचा पंप गाडीवर आणू नका. द्राक्षबागेचा जोरदार दाबाचा एचटीपी पंप तर लांबच ठेवा. बोअरच्या पाण्यात क्षार असतील तर पांढरे डाग उरतात, म्हणून शेवटचा हात फिल्टरच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं फिरवावा. हे तेलकट पाणी ओढ्यात सोडायचं नाही. खाली भुसा पसरून ठेवा, नंतर तो गोळा करून तेलकट फडक्यांसोबत गॅरेजच्या कचऱ्यात द्या.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट फुलं आली असतील तर कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशनं घासा. फेस येईल, थांबेल, पुसा, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या. बॅटरीची झाकणं मात्र घट्ट असू द्या, सोडा आत जाता कामा नये. प्लॅस्टिक काळंभोर दिसावं म्हणून पॉलिश लावायचं असेल तर पाण्यावर आधारित लावा, आणि फॅन बेल्टवर थेंबही पडू देऊ नका, बेल्ट घसरतो.

जुन्या पेट्रोल गाड्यांत प्लगच्या जाड वायरी असतात, त्यांची साल तडकलीय का हे आता दिसेल. तडकलेल्या वायरीतून ठिणगी बाहेर उडते. खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जी दुर्बीण आकाशातल्या अतिशय क्षीण रेडिओलहरी टिपते, तसल्याच लहरी प्लगच्या ठिणगीतूनही निघतात. त्या दाबण्यासाठी प्लगमध्येच रोध बसवलेला असतो, म्हणून बदलताना कंपनीनं सांगितलेलाच प्लग घ्यावा.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीत जाड केशरी केबल दिसल्या की पाणी थांबवायचं. तिथे फक्त कोरडं किंवा दमट फडकं, बाकी सर्व्हिस सेंटर.

पिशव्या काढा, बॉनेट उघडं ठेवून उन्हात दोन तास वाळू द्या, बॅटरी जोडा आणि दहा मिनिटं गाडी जागेवर चालवून आवाज ऐका. स्वच्छ इंजिनाचा फोटो काढा आणि महिन्यानं त्याच कोनातून दुसरा. पहिल्यात कोरडी असलेली जागा दुसऱ्यात काळी, ओली दिसली तर गळती तिथेच आहे. दोन्ही फोटो मेकॅनिकला दाखवा. डाग वरच्या टॅपेट कव्हरच्या कडेनं उतरत असेल तर बहुतेक पॅकिंग बदलायचं छोटं काम असतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून टपकत असेल तर मागचं ऑइल सील गेलं असण्याची शक्यता जास्त. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि ते काम पाऊस सुरू होण्याआधी, टोमॅटोच्या गर्दीत गाडी अडकायच्या आत करून घेतलेलं परवडतं.