डोकं कुठे उगवायचं?

हायड्राची लांबी जेमतेम सेंटिमीटरभर. तळ्यातल्या पाणवनस्पतीला पायाने चिकटायचं आणि वरच्या टोकाच्या शुंडकांनी पाण्यातले बारीक जीव पकडायचे, एवढाच त्याचा संसार. प्रयोगशाळेत त्याला आर्टेमिया या कोळंबीसारख्या चिमुकल्या जीवाची नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं घालतात. पिल्लू शुंडकाला लागलं की दंशपेशी फुटतात, शुंडक वळतं आणि भक्ष्य तोंडाशी येतं. हे तोंड एरवी सलग कातडीने बंद असतं. दर घासाला ते फाटून उघडतं आणि मग पुन्हा बुजतं.

हेगजवळ एका घरी मुलांना शिकवणाऱ्या अब्राहम ट्रेम्बली यांनी या प्राण्याचे तुकडे केले, तेव्हा तुकड्यातुकड्यातून अख्खा हायड्रा उभा राहिला. त्यांचा ग्रंथ 1744 चा. मधला तुकडा घेतला तरी डोकं येतं ते वरच्या कापावर आणि पाय खालच्या. हायड्रा म्हातारा होत नाही, याचंच कौतुक फार होतं. मला मात्र तुकड्याला वर-खाली कसं कळतं हा प्रश्न त्याहून मोठा वाटतो, कारण गर्भातल्या पेशींच्या गोळ्यालाही नेमकं तेच ठरवायचं असतं.

1909 मध्ये एथेल ब्राउन यांनी एका हायड्राच्या तोंडाजवळचा कण दुसऱ्याच्या कुशीत बसवला. तिथे नवं डोकं, नवं धड फुटलं. एक हायड्रा हिरवा, एक पांढरा घेतल्यामुळे दिसलं की नवं अंग यजमानाच्याच पेशींनी घडलं होतं; कलमाने त्यांना फक्त कामाला लावलं. बेडूकवर्गीय प्राण्यांच्या गर्भातला असाच प्रसिद्ध स्पेमान-मांगोल्ड प्रयोग त्यानंतरचा, 1924 चा. तरीही पाठ्यपुस्तकांत ब्राउन यांचं नाव क्वचितच भेटतं, हा अन्यायच आहे.

पुढे 2000 साली, माणसाच्या गर्भातही राबणारी विंट ही संदेशयंत्रणा हायड्राच्या डोक्याच्या टोकाशी सापडली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं हायड्रावरच काम केलं. तिथल्या वाणाला 'इंड-पुणे' म्हणतात. आपल्या शरीरात रक्तवाहिन्या घडवणारं व्हीईजीएफ हे प्रथिन त्यांना रक्तच नसलेल्या या जिवात सापडलं.

मग वर-खाली मज्जापेशी ठरवतात का? हायड्रात तीन प्रकारच्या मूलपेशी असतात. त्यांतल्या मज्जापेशी बनवणाऱ्या काढून टाकल्या, तर त्याला शिकार जमत नाही. संशोधकाला त्याच्या पोटात अन्न हाताने भरावं लागतं. असा मज्जाहीन हायड्राही कापला, तर वरच्या बाजूला डोकं येतंच. म्हणजे दिशेची खूण उरलेल्या, बाहेरच्या कातडीच्या आणि आतल्या अस्तराच्या पेशींपाशी आहे.